घरच्या कपड्यांतली अक्षरे

माणसांप्रमाणे अक्षरांनाही दोन तऱ्हेचे कपडे असतात, अशी माझी जुनी समजूत आहे. एक बाहेर जाण्याचे आणि एक घरात वावरण्याचे. पाठ्यपुस्तकातले अक्षर, कोर्टाच्या नोटिशीतले अक्षर, पोथीतले अक्षर ही सारी बाहेर जाण्याच्या कपड्यांतली मंडळी. इस्त्री केलेली, ताठ मानेची. शिरोरेषा अशी सरळ की तिच्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. त्यांच्याकडे पाहिले की आपणही नकळत सावरून बसतो. उलट उसाच्या रसवंतीच्या पाटीवरचे अक्षर पाहा. त्याच्या डोक्यावर फेस असतो आणि अंगावरून थेंब ओघळत असतात. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरचे अक्षर भर वैशाखात डोक्यावर हिम घेऊन कुडकुडत उभे असते. सावजी भोजनालयाच्या पाटीवरचे लालभडक अक्षर नुसते वाचले तरी नाकाला पाणी सुटते. ही अक्षरे घरच्या कपड्यांतली. ती आपल्याला उपदेश करीत नाहीत. 'या, बसा' म्हणतात.

मी गेली पंधरा-सोळा वर्षे नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. भाषा शुद्ध कशी लिहावी, यावर आम्ही मास्तर मंडळी पुष्कळ बोलतो. पण ती ज्या अक्षरांत उतरते त्यांचा चेहरा हसरा आहे की आंबट, इकडे आमचे लक्ष नसते. जणू मजकूर तेवढा महत्त्वाचा आणि अक्षर म्हणजे तो वाहून आणणारा हमाल. मला मात्र लहानपणापासून या हमालाशीच गप्पा मारण्याची खोड आहे, आणि तिला कारण आहे आमच्या गल्लीतला पेंटर.

आमचे घर महालात होते. शाळेच्या वाटेवर एका जुन्या घराच्या ओट्यावर हे पेंटरकाका पाट्या रंगवीत बसत. डब्यांतून सांडलेल्या रंगांनी तो ओटा रंगपंचमी संपून घटकाच झाली असावी असा दिसे. दप्तर पाठीवर तसेच ठेवून मी तिथे किती वेळ उभी राही, याचा हिशेब आईने बरोबर ठेवला होता. काका आधी दोऱ्याला खडूची पूड चोळत. दोऱ्याची दोन टोके पाटीच्या दोन कडांवर ताणून मधला भाग चिमटीत उचलत आणि सोडून देत. टण्ण! पाटीवर पांढरी रेघ उमटे. ती शिरोरेषा. मग खडूने अक्षरांच्या पुसट आकृती. मग चपटा ब्रश. हात थरथरू नये म्हणून मनगटाखाली एक काठी धरलेली, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. खाली येणारा काना ते एका श्वासात ओढत आणि तो पुरा होईपर्यंत माझाही श्वास थांबलेला असे.

एकदा ते एका रसवंतीची पाटी करीत होते. पहिलाच र जरा जास्त झुकलेला दिसला. मी विचारले, "काका, हा र असा वाकडा काहून?"

ते मान वर न करता म्हणाले, "वाकडा नाही तो पोट्टे. रस पिऊन रायला."

मी खुदकन हसले. तेव्हा त्यांनी ब्रश थांबवला आणि खालची खडूची आकृती मला दाखवली. त्या आकृतीतला र अगदी सरळ होता. "हे पाय," ते म्हणाले, "अक्षर पयले उभं रायलं पायजे, मंग नाचलं पायजे."

पुढे मी एम. ए. झाले, शैलीविचारावरची जाडजूड पुस्तके वाचली. पण शैलीविषयी याहून नेमके वाक्य मला कुठे भेटले नाही.

नागपूरच्या पेंटराला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागे, ती पुण्या-मुंबईच्या पेंटराला फारशी ठाऊक नसावी. हे शहर १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते, आणि १९६० साली ते महाराष्ट्रात आले तरी इथल्या बाजाराची जीभ दोन भाषांत फिरत राहिली ती आजतागायत. इतवारीत भाव हिंदीत होतो आणि घासाघीस मराठीत. देवनागरी दोघींचीही, पण दोघींचा ल वेगळा आणि श वेगळा. हिंदीचा ल उजव्या बाजूला दंड टेकून उभा राहतो. मराठीचा ल देठाला दोन पाकळ्या फुटाव्यात तसा उमलतो. आमचे काका पाटी घेताना गिऱ्हाइकाला आधी विचारीत, "ल कोणता पायजे?" बिचारे गिऱ्हाईक गोंधळून जाई. ल तो ल, त्यात कोणता म्हणजे काय! मग काका त्याच्या बोलण्यावरून स्वतःच ठरवीत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि पाकळीचा ल नि देठाचा श मराठीचे म्हणून नोंदवले, तेव्हा मला त्या ओट्याची आठवण झाली. शासनाला जे २००९ साली सुचले ते तिथे रोज सकाळी दहा वाजता विचारले जात होते.

घरच्या कपड्यांतल्या अक्षरांचा खरा मेळा पाहायचा असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात यावे. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून मिरवत येतात, आणि त्यांच्याबरोबर असतात बडगे. वर्षभरात लोकांना ज्याचा ज्याचा जाच झाला त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यातल्या खड्ड्यांचा बडग्या. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी. साऱ्या गावाची इडापिडा घेऊन तू जा, असे त्याला त्या पाटीवर बजावलेले असते. ती अक्षरे एकदा जवळून पाहावीत. कुणी रागाने लाल झालेले, कुणी दात विचकणारे, कुणी मोठ्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवून उभे. वेलांटी तर अशी फिरवलेली असते की वाटावे, आता ही मंत्र्याची टोपी उडवणार. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत लोक जे ओरडतात त्यातला अर्धा आवाज मला त्या पाट्यांत ऐकू येतो. तोच मजकूर पोथीच्या ठशात छापला तर ते निवेदन होईल. त्याची मारबत होणार नाही.

आता कुणी विचारील, की पाट्यांवर एवढी मौज होती तर ती छापील पानावर का नव्हती? त्याचे कारण छापखान्याच्या खणांत आहे. रोमन लिपीला सव्वीस अक्षरे. मोठी आणि लहान धरली तरी बावन्न. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि शिवाय जोडाक्षरांचे भलेमोठे खटले. द्ध, ष्ट्र, त्त्व, ज्ञ. प्रत्येकासाठी निराळा खिळा. आणि आकार लहान-मोठा करायचा तर सारा संसार पुन्हा नव्याने मांडायचा. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या निर्णयसागरी अक्षराने देवनागरीला जो सुबक, भारदस्त चेहरा दिला, त्याचे ऋण आपल्यापैकी प्रत्येक वाचणाऱ्यावर आहे. पण शेकडो खिळ्यांचा एक सभ्य चेहरा उभा करता करताच ज्याचा जीव मेटाकुटीस येतो, त्याने तोच संसार केवळ गंमत म्हणून, वाकड्या टोपीने पुन्हा का मांडावा? त्यामुळे रोमन लिपीच्या कपाटात गंमतीच्या पोशाखांचा ढीग साठत गेला आणि आपल्या लिपीच्या कपाटात बराच काळ एकच सोवळे राहिले.

मग गंमत हवी असली की चित्रकाराला बोलवावे लागे. दिवाळी अंकच घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक येऊ लागला. जुन्या अंकांतले कथांचे मथळे नीट पाहावेत. कितीतरी मथळे खिळ्यांचे नाहीत, हातांनी काढलेले आहेत. चित्रकाराने कागदावर काढायचे, त्याचा जस्ताचा ठसा करायचा आणि मग तो छापायचा. भुताच्या गोष्टीचा मथळा थरथरतो, प्रेमकथेचा वळणे घेतो, विनोदी लेखाचा धडपडतो. नाटकांच्या जाहिरातींत तर कमल शेडगे यांनी पन्नासाहून अधिक वर्षे हे काम केले. २०२० साली ते गेले. वर्तमानपत्राच्या त्या गर्दीच्या पानावर नाटकाचे नाव वाचायच्या आधीच ते नाटक हसवणार की रडवणार, हे त्यांच्या अक्षरावरून कळे. आम्ही नागपूरकरांनी त्यांतली कित्येक नाटके पाहिली नाहीत. पण त्यांची नावे आमच्या डोळ्यांना पाठ होती.

पुढे फ्लेक्स आला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत पाट्यांचे रूप पालटले. चार दिवसांचे काम चार तासांत होऊ लागले, तेही निम्म्या पैशांत आणि वर दुकानदाराच्या फोटोसह. यात दुकानदाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. मी दुकानदार असते तर मीही तेच केले असते. काकांनी काही दिवस गाड्यांच्या नंबराच्या पाट्या रंगवल्या, काही दिवस शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिले आणि मग ओटा रिकामा झाला. फ्लेक्सवर आलेली अक्षरे मात्र पुन्हा बाहेरच्या कपड्यांतली होती. संगणकात जे दोन-चार ठसे मिळत तेच ताणून रुंद केलेले, दाबून अरुंद केलेले. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि जप्तीची नोटीस एकाच चेहऱ्याने बोलू लागली.

आणि याच काळात माझ्या वर्गात एक गोष्ट घडत होती, तिच्यामुळे मला हा विषय नुसता कौतुकाचा वाटेनासा झाला. माझे विद्यार्थी एकमेकांना मोबाइलवर जे लिहितात ते मराठीच असते; पण बहुधा रोमन अक्षरांत. मी एकदा वर्गात सहज कारण विचारले. मला वाटले होते, टंकायला अवघड जाते असे म्हणतील. तसे काही म्हणालेही. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, देवनागरीत लिहिलं की सीरियस वाटते. जोक मारला तरी नोटीस लागल्यावानी वाटते."

वर्ग हसला. मीही हसले; पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या पायांत घुटमळत राहिले. त्या मुलाला मराठीचा कंटाळा नव्हता. त्याला थट्टा करायची होती आणि आपली लिपी त्याला थट्टेचे कपडे देत नव्हती. ज्या लिपीत मित्राची टोपी उडवता येत नाही, रुसवा काढता येत नाही, 'अबे, येतो का नाही' असे लिहिता येत नाही, ती लिपी हळूहळू देवघरात जाऊन बसते. तिला सणासुदीला हळदकुंकू मिळते. पण स्वयंपाकघरात, अंगणात, गप्पांच्या बैठकीत तिला कुणी बोलवीत नाही. संस्कृतीच्या नावाने आपण जिची फार पूजा करतो, तिच्याशी बोलणे आपण बहुधा थांबवलेले असते.

हा प्रश्न काही एकट्या आपलाच नाही. रोमन लिपीतल्या 'कॉमिक सॅन्स' नावाच्या गमतीदार ठशाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कॉनर हे गृहस्थ एक नवी संगणक-प्रणाली पाहत होते. तिच्यात पडद्यावर एक चित्रातला कुत्रा वापरणाऱ्याला सूचना द्यायचा, आणि त्याचे बोलणे छापले होते 'टाइम्स न्यू रोमन'मध्ये, म्हणजे वर्तमानपत्री गंभीर अक्षरांत. कॉनर यांना ते खटकले. कुत्रा असा बोलेल का? त्यांनी चित्रकथांच्या पुस्तकांतली अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून एक बाळबोध, गोलसर ठसा काढला. पुढे जगभर त्याचा इतका वापर झाला की जाणकार लोक त्याला नाके मुरडू लागले. पण २०१२ च्या जुलैत जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा फाबिओला जिआनोत्ती या शास्त्रज्ञ बाईंनी पडद्यावर दाखवलेला मजकूर याच ठशात होता. जगाने थोडे हसून घेतले. कण जिथल्या तिथे राहिला.

आपल्या लिपीचे नशीब उघडले ते त्यानंतर. जोडाक्षरांचे सारे खटले संगणक स्वतः जुळवून घेऊ लागला आणि खिळे पाडण्याचा खर्च संपला. कष्ट मात्र संपले नाहीत. आजही एका देवनागरी ठशासाठी शेकडो आकृत्या हाताने घडवाव्या लागतात. पण त्या घडवणारी तरुण माणसे निघाली. २०१० नंतरच्या दशकात मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मोदक' नावाचा ठसा काढला. तो सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. नाव सार्थ आहे. अक्षरे इतकी गुबगुबीत, की त्यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बारीक चिरेएवढ्याच उरतात. एखादा म पाहून वाटते, याला आता आणखी एक मोदक वाढला तर हा फुटेल. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी तर गावोगावच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून ती संगणकात आणण्याचा उद्योग केला. कुठल्याशा ओट्यावरचा हात अशा रीतीने ओटा गेल्यावरही उरला.

पण माझा जीव जडला आहे तो 'बलू'वर. हाही 'एक टाइप'चाच. जाड, गोलसर, कुठेही टोचणारे टोक नाही. अस्वलाच्या पिलाने दोन पायांवर उभे राहून आपल्याकडे पाहावे तसे प्रत्येक अक्षर. नावच 'जंगल बुक'मधल्या त्या अस्वलाचे. किपलिंगचे ते पुस्तक १८९४ सालचे आणि त्यातले जंगल सिवनीच्या डोंगरांतले. सिवनी नागपूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. म्हणजे हे अस्वल आमच्या शेजारचेच म्हणायचे. माझ्या पिढीने तर त्याला रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिलेले. मुंबईत काढलेल्या ठशात आमच्या पेंचच्या बाजूचे अस्वल शिरावे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

या बलूची आणखी एक मौज आहे. तो एकट्या देवनागरीत राहत नाही. भारताच्या निरनिराळ्या लिप्यांत त्याची भावंडे आहेत, आणि प्रत्येकाला त्या त्या मुलखाच्या रीतीने हाक मारलेली आहे. गुजरातीत तो 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'बलू पाजी', उर्दूत 'बलू भाईजान', ओडियात 'बलू भाईना'. मल्याळमात तो थोरला म्हणून 'चेट्टन', तर तमिळमध्ये धाकटा म्हणून 'तंबी'. कन्नडमध्ये 'तम्मा' आणि तेलुगूत 'तम्मुडु', हेही धाकटेच. एवढे भाऊ जमले. पण देवनागरीतला मूळ बलू मात्र नुसताच बलू. हिंदी-मराठीच्या भांडणात पडायला नको, म्हणून निर्मात्यांनी तो उपाधीवाचून ठेवला की काय, कोण जाणे! नागपुरात ही उणीव राहणे शक्य नाही. इथे रिक्षावाला भाऊ, भाजीवाला भाऊ, आमदार भाऊ आणि उधारी न देणाराही भाऊच. माझ्या संगणकावर तो पहिल्या दिवसापासून 'बलूभाऊ' आहे. २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात तो सडपातळापासून लठ्ठापर्यंत पाच अंगांचा झाला. पैसा पडत नाही. कुणीही उतरवून घ्यावा आणि वापरावा.

आमच्या मराठी विभागाचे एक भित्तिपत्रक आहे. वर्षानुवर्षे त्याचे मथळे हाताने लिहिले जात. गेल्या काही वर्षांत सुंदर अक्षराची मुले दुर्मिळ झाली आणि भित्तिपत्रकासमोर थांबणारेही विरळ झाले. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने त्याचे मथळे बलूभाऊंत छापून आणले. वर एक आमंत्रण: 'याहो सारे, वाचा तरी!' दुपारपर्यंत तिथे गर्दी झाली. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना मात्र ते रुचले नाही. ते म्हणाले, "बाई, हे महाविद्यालय आहे, बालवाडी नव्हे. अक्षराला काही गांभीर्य नको का?"

सरांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही, कारण त्यात तथ्य आहे. घरचे कपडे घालून कुठे जाऊ नये, हेही कळायला हवे. एका संस्थेच्या शोकसभेची सूचना मी अशाच गुटगुटीत, हसऱ्या अक्षरांत पाहिली आहे. 'दुःखद निधन' मधला द गालांना खळ्या पाडून हसत होता. वाचणाऱ्याने डोळे पुसावेत की तोंड लपवावे, असा प्रसंग. मी सरांना म्हटले, "सर, गांभीर्याला आपल्याकडे कपडे पुष्कळ आहेत. थट्टेला मात्र आत्ता कुठे एक सदरा शिवून मिळाला आहे. तो तिने योग्य ठिकाणी घातला आहे की नाही, एवढेच पाहू या." सर काही बोलले नाहीत, पण जाताना भित्तिपत्रकावरची एक विनोदी कविता उभ्या उभ्या वाचून गेले.

माझी स्वतःची शंका वेगळी होती आणि ती मी त्या मुलीला बोलून दाखवली. पेंटरकाकांच्या एका पाटीवर दोन क आले तर ते सख्खे भाऊ असत, जुळे नसत. एकाचा काना किंचित लांब, दुसऱ्याचे पोट किंचित मोठे. ठशातले दोन क तंतोतंत एक. पहिल्यांदा हसला तो हसरा. तोच चेहरा दहाव्यांदा तसाच हसला की ते हसू दुकानातल्या बाहुलीचे वाटते. काही कारागीर एकाच अक्षराचे दोन-तीन नमुने ठशात ठेवतात, म्हणजे ते आलटून पालटून येतात. पण तीही युक्तीच. पाटी पाहून, गिऱ्हाईक पाहून, ऊन पाहून बदलणारा हात तिथे नसतो.

ती मुलगी ऐकून गेली. पुढच्या महिन्याचे भित्तिपत्रक लागले तेव्हा मी पाहिले, मथळे पुन्हा बलूभाऊंसारखेच होते. पण जरा निराळे. जवळ गेले तर ब्रशच्या खुणा दिसल्या. तिने तो ठसा फिकट करून छापला होता आणि त्यावरून हाताने रंग भरला होता. त्याच्या पुढच्या अंकात छापील आधार नव्हता. अक्षरे थोडी डगमगत होती, ळ चे दोन गोळे एकमेकांशी भांडल्यासारखे दिसत होते; पण ती तिची होती. पूर्वी मुलांना कित्ता गिरवायला देत, तसा तिने त्या ठशाचा कित्ता केला होता. मला ते फार आवडले. हात आणि यंत्र यांत एकाने मेलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. इथे तर यंत्राने हाताचे बोट धरून त्याला अंगणात आणले होते.

तेव्हापासून असा नवा खेळकर ठसा कुठे मिळाला की मी तो उतरवून घेते. मात्र त्याच्या हसण्याला भुलून त्याला लगेच घरात घेत नाही. मराठी घरात वावरायचे तर मराठी अक्षरांचा सारा कुटुंबकबिला सांभाळता आला पाहिजे. ळ हवा; मराठी माणसाचे त्यावाचून बाळ, गूळ आणि कंटाळा यांतले काहीच पुरे होत नाही. ल पाकळीचा हवा. ॲ हवा, त्याला तर संगणकाच्या जागतिक वर्णसूचीत स्वतःची जागा २००८ साली मिळाली. आणि 'दुसऱ्या'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हवाच हवा. तो नसेल तर लग्नघरात आचाऱ्यांना बोलावणे पाठवावे आणि आचार्यांनी येऊन दाराशी उभे राहावे, असा घोटाळा व्हायचा. हे सारे मी हळूहळू तपासत नाही. मी एक वाक्यच करून ठेवले आहे, ते टंकते आणि पाहते: 'दुसऱ्या आळीतला लाल शर्टवाला ॲल्युमिनियमची किटली घेऊन हळूच हसला.'

पुष्कळ ठसे या वाक्यात अडखळतात. कुणाची पापणी गळते, कुणाचा ल हिंदीत बोलतो, कुणाचा ॲ चौकोनी डबा होऊन बसतो. त्यांचे हसणे मग मला पोकळ वाटते. उभे राहता येण्याआधीच नाचायला निघालेल्या पोरासारखे. बलूभाऊ मात्र हे वाक्य सबंध म्हणून दाखवतात. माझ्या मोबाइलमध्ये आमच्या वर्गाचा एक गट आहे. त्यावर परवा मागच्या बाकावरच्या त्या मुलाने रविवारच्या सहलीचे एक चित्र-आमंत्रण टाकले. गुबगुबीत, हसरी, पाकळीच्या ल ची अक्षरे, आणि मजकूर एवढाच: 'तर्री-पोहे खायला चला बे. मॅडम, तुम्ही पण.'

मी देवनागरीत उत्तर दिले: 'येते बे.'